मास्तरांचं भाकरीचं मशीन

उजव्या हाताचं पहिलं बोट वर करायचं, हवेत गोल गोल फिरवायचं आणि मध्येच गपकन थांबवायचं. मग समोरच्याकडे बघून म्हणायचं, "फिरवायला काय, कुणीबी फिरवतंय. थांबवायचं कुटं ते बोला की." आमच्या मास्तरांची ही खूण होती. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, जो आयुष्यभर एकच वाक्य वापरतो आणि दर वेळी ते आत्ताच सुचल्यासारखा चेहरा करतो.

मी हे वाक्य गिरणीच्या ड्रॉइंग ऑफिसात ऐकलं, लग्नाच्या मांडवात बँडवाल्यांसमोर ऐकलं, आणि एकदा नळावर दोन बायका भांडत असताना ऐकलं. त्या दिवशी दोघी आपलं भांडण सोडून मास्तरांवर उलटल्या. मास्तर रिकामी कळशी घेऊन परत आले आणि मला म्हणाले, "थांबलं का न्हाई भांडण?"

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. सोलापूरच्या कापडगिरण्यांत मास्तर पुष्कळ. कुणी स्पिनिंग मास्तर, कुणी विव्हिंग मास्तर. हे ड्रॉइंगचे मास्तर. गिरणीतल्या एखाद्या यंत्राचा भाग मोडला आणि तो बाजारात मिळेनासा झाला, की तो कागदावर काढायचा, जमलं तर मूळच्यापेक्षा बरा काढायचा आणि वर्कशॉपकडून घडवून घ्यायचा, हे त्यांचं काम. त्यांनी पेन्सिलनं काढलेलं मी शाईनं गिरवायची. मी ट्रेसर. लग्न होऊन करमाळ्याहून सोलापुरात आले, नोकरीला लागले, आणि नशीब असं की घरही मिळालं ते मास्तरांच्याच गल्लीत, त्यांच्या भिंतीला भिंत लागून. त्यामुळे मला मास्तर सकाळी होते, दुपारी होते आणि रविवारी तर जास्तच होते.

नोकरीच्या मुलाखतीत मोठ्या साहेबांनी मला माझी सर्टिफिकिटं विचारली. मास्तरांनी विचारलं, "घराला कडी हाय?"

"आहे."

"ती लागती कशी, काढून दावा."

मी मन लावून दार काढलं, कडी काढली, कडीचे खिळेसुद्धा काढले. मास्तरांनी कागद लांब धरला, जवळ धरला. "कडी झकास हाय. पण ती कुटं जाऊन थांबती ते काढलंच न्हाई तुमी. ह्या दारातनं चोर आत येतंय, बाई." साहेब हसले, मास्तर हसले नाहीत. नोकरी मात्र मिळाली.

मागावरचा धोटा, म्हणजे आडवं सूत नेणारं लाकूड, कसा सणकत इकडून तिकडे जातो, ते बघायला गिरणीत पाहुणे यायचे आणि तोंडात बोट घालायचे. मास्तर त्यांना पेटीकडे ओढत न्यायचे. धोटा जिथं येऊन थांबतो ती पेटी. "पळतंय त्याचं काय कौतुक? एवढं पळून आलेलं लाकूड हितं गप बसतंय, ते बघा की." पाहुणे मान डोलवायचे आणि पुन्हा धोट्याकडेच बघायचे.

त्यांचा दुसरा नियम छाटणीचा. नकाशातल्या एखाद्या भागावर ते पेन्सिलचं टोक टेकवायचे. "हे काय काम करतंय?" उत्तर देता आलं नाही तर भाग उडाला. "फुकट बसणारा भाग यंत्रात चालत न्हाई. हापिसात चालतंय," असं म्हणून ते कोपऱ्यातल्या हेडक्लार्ककडे बघायचे. हेडक्लार्क जेवणानंतर डोळे मिटून विचार करत असायचे. या नियमाची आठवण ठेवा. पुढे ती लागणार आहे.

मास्तरांच्या बायकोला सगळी गल्ली अक्का म्हणायची. माहेर मैंदर्गीचं, घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि रागावली की दोन्ही. मास्तरांना ती "री" अशी हाक मारायची. त्या हाकेत प्रेम किती आणि ताकीद किती हे आवाजावरून ओळखायचं. तिचा दुसरा ठेवणीतला शब्द म्हणजे "साकु". साकु म्हणजे पुरे. मास्तरांच्या घरात मास्तरांना थांबवणारा एवढा एकच शब्द होता.

एका संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत त्यांनी अक्काला मोठ्या पाळण्यात बसवलं. स्वतः बसले नाहीत. पाळणा थांबवणाऱ्या माणसाजवळ जाऊन उभे राहिले आणि तो फळी कशी दाबतो, किती दाबतो, आधी दाबतो की मागाहून, हे विचारत बसले. तो माणूस बोलण्यात असा रंगला की पाळणा फिरतोच आहे. अक्का दर फेरीला खाली येताना ओरडायची, "साकु री, साकु!" शेवटी ती उतरली तेव्हा तिचा अंबाडा सुटलेला होता आणि मास्तर तिला सांगत होते की ब्रेक लाकडाचाच बरा. अक्का घरापर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. मास्तरांच्या ते लक्षात आलं नाही.

अक्काची खानावळ होती. घराच्या पुढच्या खोलीत जेवणारे, मागच्या खोलीत चूल. गिरणीत काम करणारे, वैरागकडून, अक्कलकोटकडून आलेले, बायकापोरं गावी ठेवलेले लोक तिच्याकडे जेवायचे. आमटी कधी पातळ असेल, भाजी कधी तिखटजाळ असेल, पण भाकरी अशी की माणूस तिच्यासाठी पाळी बदलून यायचा. अक्काला स्वतःचं मूलबाळ नव्हतं. जेवणारे घास मोडताना गप्प झाले की ती दारात उभी राहून त्यांच्याकडे बघायची, आणि तिचा चेहरा कसा व्हायचा ते मी पाहिलंय.

मग बहात्तरचा दुष्काळ आला आणि रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, आली. ज्यांनी ती खाल्ली त्यांना सांगायला नको. त्या पिठाला चिकटपणा म्हणून नव्हता. कढत पाणी घालून, रगडून रगडून मळायचं, तरी थापताना कडा फाटायच्या. अक्का हट्टाला पेटली. त्या लाल पिठाच्याही तिनं गोल, पातळ भाकरी करून दाखवल्या. दुष्काळ सरला, चांगली ज्वारी परत आली, पण तोवर अक्काचं उजवं मनगट सुजून बसलं होतं. डॉक्टर म्हणाले, थापणं बंद करा, नाहीतर हा हात कायमचा जाईल.

"हात माझा, दुखणं माझं. डॉक्टरला काय करायचंय?" अक्का म्हणाली.

थापायला दुसरी बाई ठेवून बघितली. अक्का तिच्या शेजारी पाट टाकून बसली आणि प्रत्येक भाकरीला नाव ठेवू लागली. बाई आठवडा संपायच्या आत पळाली. जेवणाऱ्यांत कुजबुज सुरू झाली की खानावळ बंद होणार. अक्का भाकरी थापायची, मग पदराआड मनगट दाबत बसायची. मास्तर ते बघायचे आणि बोट फिरवायचे नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस घाबरलाय.

एका सोमवारी ते ऑफिसात आले आणि म्हणाले, "बाई, भाकरीचं मशीन करायचं."

लाटायचं मशीन सोपं, पण ज्वारीची भाकरी लाटायची नसते, थापायची असते. म्हणजे हात वर जाणार, खाली येणार, आणि दर थापेला भाकरी थोडी फिरणार. मास्तर कागद घेऊन चुलीसमोर बसले. अक्काला लाज वाटायची. "लगीन झाल्यापास्नं माज्या तोंडाकडं कदी बघितलं न्हाई, आन् आता हाताकडं बघायलेत," असं ती मला मोठ्यानं सांगायची, म्हणजे त्यांना ऐकू जावं. बोटं नेमकी कुठं टेकतात हे कळावं म्हणून मास्तरांनी तिच्या बोटांना दिव्याची काजळी लावली. त्या दिवशी जेवणाऱ्यांच्या ताटात काळ्या ठिपक्यांच्या भाकरी आल्या. एकानं विचारलं, "अक्का, भाकरीला दृष्ट लागती व्हय?"

पण या बघण्यातून मास्तरांना एक मोठा शोध लागला. अक्का चार थापा मारायची आणि क्षणभर थांबायची. पुन्हा चार, पुन्हा थांबायची. दर भाकरीला, दर वेळी. आता थांबणं म्हटलं की मास्तरांच्या अंगात यायचं. त्यांनी या थांब्याचा अर्थ लावला आणि ऑफिसात आम्हाला भाषण दिलं. "पीठ दम घेतंय! थापलं की पीठ पसरतंय, पसरलं की ताणतंय. त्याला दम दिला न्हाई तर कडा फाटती. अक्काला हे ठावं न्हाई, पण तिच्या हाताला ठावं हाय." हेडक्लार्कसुद्धा डोळे उघडून ऐकत होते.

तो थांबा यंत्रात आणायला त्यांनी कॅम काढला. कॅम म्हणजे गोल नसलेलं चाक. त्याच्या कडेला टेकलेला दांडा उंचवट्यावर वर जातो, उतारावर खाली येतो. मास्तरांच्या चाकाला चार थापांचे चार उंचवटे होते, आणि मग एक लांब उंच पट्टा. चाक फिरत राहायचं, पण त्या पट्ट्यावर हात वरच्या वर तरंगत राहायचा. या पट्ट्याची लांबी ठरवायला मास्तरांनी इतके कागद खाल्ले की स्टोअरवाल्यानं तक्रार केली. मी तो कॅम इतक्यांदा गिरवला की आजही डोळे मिटून काढून देईन.

यंत्र आकाराला आलं ते जुन्या शिलाई मशीनच्या पायावर. खाली पायटा, मध्ये सायकलची साखळी, वर फिरती परात आणि परातीवर लाकडाचा हात. पहिल्या चाचणीत दर थापेला परात जास्तच फिरली आणि भाकरी उडून दारात उभ्या असलेल्या जॉबरच्या टोपीवर बसली. जॉबर म्हणजे मागखात्यातला मुकादम, त्याच्यापुढे कुणी शिंकायचं नाही. त्यानं टोपी काढून बघितली आणि म्हणाला, "पातळ हाय, पण कच्ची हाय."

मग लाकडाला पीठ चिकटायला लागलं. मास्तरांनी मागावर वापरतात तसा चामड्याचा तुकडा लावला. अक्कानं तो बघितला मात्र, यंत्र चुलीच्या खोलीतून बाहेर गेलं. "माज्या परातीत कातडं? लिंगपूजा करून मी सैपाकाला बसते. री, तुमाला काय वाटतंय का न्हाई?" मास्तरांनी माफी मागितली आणि चामड्याऐवजी सोलापुरी टॉवेल गुंडाळला. भाकरीवर टॉवेलचे दाणे उमटले. जेवणारे खूश झाले, त्यांना वाटलं नवी नक्षी आहे. शेवटी करडीचं तेल पाजून पाजून लाकूडच गुळगुळीत केलं, तेव्हा जमलं.

अक्का या सगळ्या काळात यंत्राशी अबोला धरून होती. ज्या दिवशी ते सगळं जुळलं, त्या दिवशी मास्तरांनी तिला स्टुलावर बसवलं, तिचा पाय पायट्यावर ठेवला आणि परातीत उंडा ठेवला. मी आणि दोनतीन जेवणारे दारात. लाकडाचा हात खाली आला. थप, थप, थप, थप. मग वरच थांबला. परत थप, थप, थप, थप. परत थांबला. उंडा गोल पसरत चालला होता आणि कड कुठंही फाटत नव्हती. मास्तरांचे डोळे चमकत होते.

अक्का म्हणाली, "झकास हाय की. पण हे मदीच का थांबायलंय?"

मास्तरांनी बोट वर केलं. "पीठ दम घेतंय. तुज्या हातातनंच शिकलोय."

"माज्या हातातनं?"

"तू चार थापा मारून थांबतीस न्हवं?"

अक्का त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं तोंडाला पदर लावला. मग तिला हसू आवरेना. ती इतकी हसली की स्टुलावरून उतरून खाली बसली. "अय्यो, री! बांगड्या वर सारते की मी! मनगट दुकतंय, त्याच्यावर बांगड्या आपटत्यात. म्हनून वर सारते. पीठ कशाला दम घेतंय?"

दारातले लोक हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. मास्तरांचं बोट अजून हवेतच होतं. ते त्यांनी हळूच खाली घेतलं आणि तिच्या मनगटाकडे बघितलं. इतके दिवस समोर बसून त्यांनी हात बघितला होता, बोटं बघितली होती, पण बांगड्या त्यांच्या नकाशात नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ही बातमी माझ्याआधी पोचली होती. कोपऱ्यातून हेडक्लार्कनं शांतपणे विचारलं, "मास्तर, तो भाग काय काम करतो?" इतक्या वर्षांचं उट्टं त्यांनी एका वाक्यात काढलं. मास्तरांनी कागद पुढे ओढला. त्यांनी थांबा नसलेलं नवं चाक काढलं, मी गिरवलं, वर्कशॉपनं दिलं. त्या चाकानं भाकरी झाली, तितकीच गोल, तितकीच पातळ, आणि लवकर झाली. म्हणजे पिठाला दमाची काही गरज नव्हती. तो पट्टा खरोखरच फुकट बसला होता.

पुढच्या रविवारी मी अक्काकडे ताक मागायला गेले, तर आतून आवाज येत होता. थप, थप, थप, थप, आणि मग थांबा. जुनं चाक परत बसलं होतं.

मी मास्तरांना गाठलं. "मास्तर, हे काय काम करतं?"

"करतंय की. तेवढ्यात तिला तव्यावरची भाकरी उलटायला सापडती."

"तवा तर तिच्या पाठीमागे आहे."

मास्तरांनी इकडेतिकडे बघितलं. मग त्यांचं ते बोट वर आलं, पण फिरलं नाही. "दर चार थापांना तिला दुकत हुतं, बाई. मी समोर बसून कागदावर मांडत हुतो, आन् मला वाटलं पीठ दम घेतंय." एवढं बोलून ते साखळीला तेल घालायला लागले. मी ताक न घेताच घरी आले.

खानावळ चालू राहिली. जेवणाऱ्यांत तज्ज्ञ निर्माण झाले. गिरणीत कांड्यांवर सूत भरणारे एक म्हातारे पहिल्या घासाला डोळे मिटून सांगायचे, "ही अक्काच्या हातची. मशीनची मला कळती." ती मशीनची असायची. एकदा सणाला अक्कानं हौसेनं हातानं थापली, तेव्हा त्यांनी तोंड वाकडं करून ताट सरकवलं. अक्कानं दोन्ही वेळा त्यांना "व्हय व्हय" म्हटलं. मनगटाची सूज हळूहळू उतरली. अक्का यंत्राला रोज सकाळी हळदकुंकू लावायची आणि बिघडलं की कन्नडमधून बोलायची.

मास्तर निवृत्तीला आले होते तेव्हा गेले. दुपारी ऑफिसातून जेवायला घरी आले, हात धुतले, "जरा टेकतो" म्हणाले. अक्का ताट घेऊन आली, तोवर संपलं होतं. ऑफिसात त्यांचं स्टूल आम्ही बरेच दिवस कुणाला ओढू दिलं नाही. हेडक्लार्क तर लहान मुलासारखे रडले.

खानावळ बंद होती. काही दिवसांनी गल्लीतल्या जाणत्या बायका अक्काकडे आल्या. मीही होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर शेजारच्या थोरल्या काकूंनी विषय काढला. त्या वाईट बाई नव्हत्या, रीत म्हणून बोलल्या. "अक्का, हातात अजून बांगड्या हायेत. लोक बोलायलेत. आज उतरवून टाकू."

अक्का उठली, मागच्या खोलीत गेली आणि स्टुलावर बसली. आम्ही तिच्या मागे गेलो. परातीत पीठ नव्हतं. तिनं पायट्यावर पाय ठेवला. लाकडाचा हात रिकाम्या परातीवर पडला. थप, थप, थप, थप. मग वर थांबला, आणि अक्कानं डाव्या हातानं उजव्या हातातल्या हिरव्या बांगड्या वर सारल्या.

"बघितलात न्हवं?" ती काकूंना म्हणाली. "हे माज्या बांगड्यांसाटी थांबायलंय. त्यांनीच थांबवून ठेवलंय. मी काडून टाकल्या, तर हे कुणासाटी थांबंल?"

काकू यंत्राकडे बघत राहिल्या. त्यांनी पदर डोळ्याला लावला. मला तर समोरचं काही दिसेनासं झालं होतं.

"साकु आता," अक्का म्हणाली. "चूल पेटवते. जेवून जावा."

दुसऱ्या दिवसापासून खानावळ सुरू झाली. सकाळी मी ऑफिसला निघताना केस विंचरत असायची, तेव्हा भिंतीपलीकडून आवाज यायचा. चार थापा, मग बांगड्यांची किणकिण, मग पुन्हा थापा.